न ऐकू येणारा आवाज आणि गॅरेजातला कार्बोरेटर

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की आमच्याकडे दोन ठिकाणी गर्दी होते. एक बी-बियाणांच्या दुकानात आणि दुसरी मोटारसायकलच्या गॅरेजसमोर. उन्हाळाभर गोठ्याच्या कडेला गोणपाटाखाली उभी असलेली जुनी गाडी शेताकडे जायला बाहेर काढायची, वीस-पंचवीस किका मारायच्या, घाम पुसायचा आणि शेवटी ढकलत मिस्त्रीकडे न्यायची, हा भालकी, औराद, हुमनाबादपासून आळंद, कमलापूरपर्यंतचा ठरलेला कार्यक्रम. मिस्त्री गाडीकडे नीट न बघताच सांगतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आहे." शेजारच्या कन्नड गिऱ्हाइकाला तोच मिस्त्री त्याच दमात सांगतो, "कार्बोरेटरनाग कस अदरी." भाषा दोन, रोग एक.

हा कचरा काढण्यासाठी आता आमच्या भागातल्या गॅरेजांत एक नवे यंत्र येऊ लागले आहे. स्टीलच्या डब्यासारखे दिसणारे, पाणी भरून विजेवर चालणारे, 'अल्ट्रासॉनिक क्लीनर' नावाचे. शिक्षण पुरे करून, पुढे आय.टी.आय. करून गॅरेज टाकलेली आमची जुनी मुले भेटली की विचारतात, "सर, ते मशीन घ्यावं का?" त्यांचे वडील विचारतात, "सर, पोरगं पैसे मागतंय, त्यात काही दम आहे का?" मी भाषेचा मास्तर. पण प्रश्न घराघरातला आहे, पैशाचा आहे आणि पुढे लिहिल्याप्रमाणे जिवाचाही आहे. म्हणून पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याकडून समजून घेतले, सोनाराच्या दुकानात आणि गॅरेजात बसून पाहिले. या आठवड्याचा लेख त्यावर.

कचरा येतो कुठून?

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग. खाली पेट्रोलची कटोरी, तिच्यात तरंगणारा फ्लोट, फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई, आणि पेट्रोल मोजून वर सोडणारे पितळेचे दोन छोटे जेट. मोठा तो मेन जेट, गाडी पळताना कामाचा. लहान तो पायलट जेट, गाडी चालू होताना आणि जागेवर धिमी चालताना कामाचा. या पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. शिवाय कार्बोरेटरच्या अंगातच आडवे-उभे कोरलेले बारीक मार्ग असतात. ते बाहेरून दिसत नाहीत आणि सरळही नसतात.

बिदरच्या लोकांना हे समजावायला लांब जायला नको. नौबादजवळची आपली सुरंग बावी आठवा. वरून पाहिले तर जमिनीत ओळीने विहिरीसारखी तोंडे, आणि आत खडकातून गेलेला पाण्याचा लांब बोगदा. तोंडे कितीही स्वच्छ ठेवली तरी आतला बोगदा गाळाने भरला तर पाणी येणार नाही. कार्बोरेटरचेही तसेच. बाहेरून चकाचक पुसला तरी आतली वाट बुजलेली असेल तर गाडी चालू होत नाही.

गाळ भरण्याची कारणे आमच्या मातीतच आहेत. बिदरच्या पठारावर जांभ्याची लाल धूळ. खाली कलबुर्गीकडे उतरलो की शहाबाद, वाडी, सेडम, चित्तापूरचा फरशीचा आणि सिमेंटचा पट्टा, तिथली चुनखडीची पिठासारखी बारीक भुकटी. एअर फिल्टर वेळेवर बदलला नाही तर ती आत जाते. जुन्या टाकीतला गंज कॉकच्या जाळीतून सुटून खाली येतो. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की कटोरीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे गुळाच्या पाकासारखा चिकट थर राहतो. तो वाळला की लाखेसारखा घट्ट होतो.

यात गेल्या काही वर्षांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. आमच्या बिदर जिल्ह्यातला शेतकरी ऊस लावतो, त्यामुळे इथेनॉलला नावे ठेवणे आम्हाला परवडणारे नाही आणि ते योग्यही नाही. परंतु इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, ही रसायनशास्त्रातली साधी गोष्ट आहे. जुन्या गाड्यांतले रबराचे वायसर, नळ्या आणि कार्बोरेटरचा धातू एवढ्या इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. दमट हवेत गाडी महिनाभर उभी राहिली तर कटोरीच्या तळाशी पांढरट भुकटी दिसते. ती बाहेरून आलेली धूळ नव्हे. तो कार्बोरेटरचाच धातू गंजून निघालेला असतो. म्हणून गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर कॉक बंद करून कटोरीतले पेट्रोल काढून टाकावे. याला पैसाही लागत नाही.

जुनी रीत आणि पोरांचे हात

आतापर्यंत कार्बोरेटर धुण्याची रीत एकच होती. एका पसरट डब्यात पेट्रोल घ्यायचे, कार्बोरेटर खोलून त्यात टाकायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायचा, जेट तोंडाला लावून फुंकायचा, आणि तरीही वाट मोकळी झाली नाही तर क्लचच्या केबलमधली एक तार सोडवून छिद्रातून घालायची. या रीतीने लाखो गाड्या चालू झाल्या, हे मान्य. पण तिचे दोन तोटे आहेत.

पहिला तोटा गाडीचा. जेट पितळेचा, तार पोलादाची. पोलाद पितळेला ओरखडते. छिद्र केसभर मोठे झाले तरी पेट्रोल जास्त जाते, गाडी काळा धूर सोडते आणि मायलेज उतरते. मग गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्रीने हात लावला आणि गाडी पेट्रोल प्यायला लागली." तो खोटे बोलत नसतो.

दुसरा तोटा माणसाचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. गॅरेजात पेट्रोलच्या डब्यात हात घालून बसलेला असतो तो बहुधा सर्वांत लहान पोर. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा पदार्थ असतो. हल्लीच्या मानकांनुसार त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवलेले असते, पण त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच निश्चित केले आहे. तो वाफेतून छातीत जातो, कातडीतूनही जातो. रोज सात-आठ कार्बोरेटर धुणाऱ्या पोराच्या बोटांची साले निघालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर गुन्हाच आहे. पण कायद्याच्या वयात बसणाऱ्या मुलालाही हात असतात आणि छाती असते. तोंडाने नळी ओढून टाकीतले पेट्रोल काढण्याची सवय तर ताबडतोब बंद व्हायला हवी.

नवीन यंत्राकडे मी या बाजूने बघतो. त्याने गाडी चकचकीत होते की नाही हा पुढचा प्रश्न. पोराचे हात पेट्रोलच्या डब्यातून बाहेर येतात का, हा पहिला.

बुडबुड्यांची करामत

हे यंत्र आमच्या गावांना अगदीच अनोळखी नाही. सराफ कट्ट्यावर ते बरीच वर्षे आहे. मराठीत सोनार म्हणा, कन्नडमध्ये पत्तार किंवा अक्कसालिग म्हणा, त्यांच्या दुकानात मागच्या बाजूला हा डबा गुणगुणत असतो. नथीच्या जाळीत, पाटल्यांच्या नक्षीत अडकलेला मळ, जिथे ब्रशचा केस पोहोचत नाही, तो यातून निघतो. गॅरेजवाल्याने ते सोनाराकडून घेतले, एवढेच.

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा तो अल्ट्रासॉनिक, म्हणजे न ऐकू येणारा आवाज. या यंत्राच्या तळाला खास पदार्थाच्या चकत्या चिकटवलेल्या असतात. वीज दिली की त्या आकुंचन-प्रसरण पावतात, बहुतेक यंत्रांत सेकंदाला ४०,००० वेळा. दाब दिला की वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा हा गुण फ्रान्सच्या प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. वीज दिली की आकार बदलणे ही त्याचीच उलटी बाजू. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पोल लांजव्हँ यांनी तो पाण्याखाली वापरला. आपल्या कर्नाटकाचाही या विषयात मोठा वाटा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये अल्ट्रासॉनिक लहरींमुळे द्रवातून जाणारा प्रकाश कसा फाकतो याचा सिद्धांत मांडला. तो आजही रामन-नाथ सिद्धांत म्हणून जगभर शिकवला जातो.

पण कंपनाने मळ कसा निघतो? येथे आमच्या शेतकऱ्याला पुस्तकाची गरज नाही. विहिरीवरच्या मोटारीला पाणी कमी पडले, सक्शन ओढायला लागले, की पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. मोटार उघडली तर इंपेलर किड्याने खाल्ल्यासारखा दिसतो. आत खडा नसतो. पाण्याचा दाब एकाएकी कमी झाला की पाण्यातच पोकळ बुडबुडे तयार होतात, कन्नडमध्ये ज्यांना आपण गुळ्ळे म्हणतो. दाब पुन्हा वाढला की ते फुटतात, बाहेर नव्हे, आतल्या आत मिटतात. त्या क्षणी तेवढ्या टिचभर जागेत प्रचंड दाब निर्माण होतो आणि तो धातूचाही कण उडवतो. १८९० च्या दशकात इंग्रजांच्या वेगवान युद्धनौकांच्या पंख्यांना हाच त्रास सुरू झाला. पुढे १९१७ मध्ये लॉर्ड रेली यांनी असा बुडबुडा मिटताना किती दाब निर्माण होतो याचे गणित मांडले.

जो बुडबुडा इंपेलर खातो, तोच बुडबुडा मापात ठेवला तर मळ खातो. कंपनाच्या प्रत्येक हेलकाव्यात पाण्यात असे असंख्य सूक्ष्म बुडबुडे जन्मतात आणि मिटतात. पाणी जिथे जाईल तिथे ते जातात. पायलट जेटच्या छिद्रात, आडव्या मार्गाच्या कोपऱ्यात, जिथे ब्रश नाही, तार नाही, तिथे. म्हणून हे यंत्र कार्बोरेटरला लागू पडते. सपाट, उघडा भाग धुवायला त्याची गरज नाही, तिथे ब्रशच बरा.

बिदरीचे शहाणपण

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो आमच्या बिदरचाच आहे. कार्बोरेटर कशाचा बनलेला असतो? बऱ्याच छोट्या गाड्यांच्या कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे किंवा ॲल्युमिनियमचे ओतीव असते. जस्त म्हणजे कन्नडमधले सतु. आणि जस्ताची नस भारतात कोणाला ठाऊक असेल तर ती चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतल्या बिदरी कारागिरांना.

बिदरीची सुरई किंवा डबी बनते ती मुख्यतः जस्ताची, त्यात थोडे तांबे. ओतलेल्या भांड्यावर मोरचुदाचे पाणी लावून ते तात्पुरते काळपट करतात, म्हणजे कोरलेली रेघ दिसते. रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात, घासून सारखे करतात. शेवटी किल्ल्यातली विशिष्ट माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. क्षणात जस्ताचे अंग काळेभोर होते आणि चांदी, म्हणजे बेळ्ळि, आहे तशी पांढरी चमकत राहते. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, हे वाचकांना ठाऊक आहेच.

या सगळ्याचे मर्म काय? जस्त हळवा धातू आहे. क्षार लागला की तो रंग बदलतो. आम्लात विरघळतो, कॉस्टिक सोड्यातही विरघळतो. बिदरी कारागीर या हळवेपणाचा उपयोग करून घेतो. गॅरेजवाल्याने त्याच हळवेपणाला जपायचे आहे. कार्बोरेटर स्वच्छ व्हावा म्हणून कोणी त्या डब्यात संडास धुण्याचे आम्ल घालतो, कोणी कॉस्टिक घालतो, कोणी तांब्याच्या भांड्यासारखा चिंच-लिंबू लावतो. कार्बोरेटर बाहेर येतो तो काळा पडून, किंवा अंगावर देवीचे व्रण आल्यासारखा खडबडीत होऊन. मग म्हणतात मशीन खराब. मशीन खराब नसते, धातू ओळखलेला नसतो. आपल्या गावात बिदरीची गल्ली आणि गॅरेजची गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दोघांच्या हातात एकच धातू आहे, पण एकाचे ज्ञान दुसऱ्याकडे गेलेले नाही.

जाता जाता घरातल्या बायाबापड्यांना एक सूचना. बिदरीची वस्तू मात्र या यंत्रात चुकूनही घालू नका. काळा रंग हेच तिचे सौंदर्य, आणि तार ठोकून बसवलेली आहे. मोती, पोवळे असलेले दागिनेही घालू नयेत.

कसे वापरावे

वापरण्याची रीत अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी एअर स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे, म्हणजे बसवताना पुन्हा तेवढाच उघडता येतो. आत टेकला की जोर करू नये. मग कार्बोरेटर पूर्ण खोलावा. रबराचे वायसर, ओ-रिंग, पडदा, फ्लोट आणि विजेचे काही असेल तर ते बाजूला काढावे. आतले पेट्रोल उघड्या हवेत पूर्ण काढून टाकावे, भाग वाळू द्यावेत. वरचा मातीचा चिखल ब्रशने धुवावा, नाहीतर डब्यातले पाणी पहिल्याच खेपेला गढूळ होते.

डब्यात पाणी आणि त्यात अगदी थोडा सौम्य साबण, भांडी धुण्याचा पातळ साबण चालतो, किंवा कार्बोरेटरसाठीच मिळणारे सौम्य द्रावण. कलबुर्गीच्या चुनखडीच्या पट्ट्यात बोअरचे पाणी जड असते. ते वापरले तर काढायला गेलो गाळ आणि बसवला क्षार, अशी गत होते. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी किंवा आर.ओ.चे पाणी वापरावे. पाणी ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करावे. भाग घालण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे यंत्र रिकामेच चालवावे, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. ती राहिली तर बुडबुड्यांचा जोर कमी पडतो.

भाग जाळीच्या टोपलीत ठेवावेत, डब्याच्या तळावर नाही. तळाला धातू घासला तर तळच झिजतो. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. नंतर भाग उलटे करून पुन्हा तेवढेच. तासभर ठेवले म्हणजे जास्त स्वच्छ होईल ही समजूत चुकीची. बुडबुड्यांनी मळ खाऊन संपला की ते धातू खायला लागतात, इंपेलर आठवा. यंत्र चालू असताना पाण्यात बोटे घालू नयेत, झाकण ठेवावे, पाण्याशिवाय यंत्र चालवू नये.

बाहेर काढल्यावर स्वच्छ पाण्याने धुवून लगेच कंप्रेसरची हवा प्रत्येक मार्गातून मारावी. डोळ्यांवर चष्मा असावा. एका बाजूने मारलेली हवा दुसऱ्या छिद्रातून येते की नाही ते बोटाने तपासावे. ओला ठेवला तर जस्तावर पांढरा गंज, कन्नडमधला तुक्कु, रात्रीत चढतो. उरलेले पाणी तेलकट आणि विषारी असते. ते नाल्यात किंवा बोअरच्या कडेला ओतू नये.

यंत्र चांगले आहे का, हे पाहण्याचा एक सोपा उपाय सहकाऱ्याने सांगितला. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात उभा धरून मिनिटभर यंत्र चालवायचे. कागदावर सगळीकडे बारीक भोके आणि ठिपके पडले तर बुडबुडे सारखे तयार होताहेत. काहीच झाले नाही तर दुकानदाराला नमस्कार करून परत यावे.

एकच गोष्ट, जी चुकायची नाही

हे सर्व वाचून विसरलात तरी चालेल, पण पुढची ओळ विसरू नका. या यंत्रात पेट्रोल घालायचे नाही. थिनर नाही, इथेनॉल नाही, रॉकेलही नाही.

सवयीने हात तिकडेच जातो. आजवर पेट्रोलनेच धुतले, मग डब्यात पेट्रोलच घातले तर आणखी चांगले धुईल, असे वाटणे साहजिक आहे. पण पेट्रोलची वाफ शून्याखाली साधारण ४० अंशांवरही पेटू शकते. म्हणजे आमच्याकडच्या कुठल्याही ऋतूत, कुठल्याही वेळी. वर हे यंत्र विजेचे, त्यात हीटर, तळाला तारा. कंपनाने द्रवाचा तुषार उडतो आणि वाफ झपाट्याने वाढते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवर पसरते आणि कोपऱ्यातल्या वेल्डिंगपर्यंत, चहाच्या स्टोव्हपर्यंत पोहोचते. रॉकेल थंड असताना सहसा पेटत नाही, म्हणून लोक त्याला गरीब समजतात. पण ते सुमारे ४० अंशांपुढे तापले की त्याचीही वाफ पेट घेते, आणि या डब्यातले तापमान ५० ते ६० असते. काही जण काचेच्या बरणीत पेट्रोल घेऊन ती बरणी पाण्यात ठेवतात. तेही नको. बरणी फुटली तर तोच प्रकार.

एका गॅरेजात मी बसलो असताना नव्या पोराने सहज पेट्रोलची बाटली उचलली. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली होता. तो तिथूनच ओरडला, "हाकब्याडरी, पेट्रोल हाकब्याडरी! घालू नको म्हणतो ना!" घाईत आधी कन्नड आले, मागोमाग मराठी. पोर थांबले. धोक्याची सूचना माणसाच्या जवळच्या भाषेत असावी लागते, आणि आमच्याकडे त्या दोन असतात. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका मात्र दोन्हींपैकी एकाही भाषेत नसते.

घ्यावे की न घ्यावे

आता मूळ प्रश्न. लहान यंत्र काही हजार रुपयांत मिळते. दोन लिटरच्या डब्यात शंभर सी.सी.च्या गाडीचा एक कार्बोरेटर जेमतेम बसतो, तीनचा असेल तर बरे. विजेचा खर्च फारसा नाही. रोज चार-पाच कार्बोरेटर येत असतील तर घ्यावे. वाचलेले पेट्रोल आणि वाचलेला वेळ मिळून पैसे निघतात. आठवड्याला एखादे काम असेल तर दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावे.

पण यंत्र काय करीत नाही, हेही पोराने समजून घ्यावे. ते कचरा काढते, दोष ओळखत नाही. झिजलेली सुई, मोठा झालेला जेट, फाटलेला पडदा, वाकलेला फ्लोट ते दुरुस्त करीत नाही. प्लग, टाकीचा गंज, एअर फिल्टर न बघता नुसता कार्बोरेटर धुतला तर महिन्यात गाडी पुन्हा दारात. आणि शेवटी इंजिन चालू करून, कान देऊन, एअर स्क्रू पाव फेरा आत-बाहेर करीत गाडीचा सूर लावणे हे मिस्त्रीचेच काम. तबला लावणाऱ्याला विचारा, हातोडी विकत मिळते, कान मिळत नाही.

काही पालक म्हणतात, कार्बोरेटरचा जमानाच संपला, मग यात पैसे कशाला? बी.एस.-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि नव्या मोटारसायकली जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आल्या, हे खरे. पण त्याआधीच्या गाड्या आमच्या रस्त्यांवर अजून भरपूर आहेत. १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरच्या किती पिढ्या आमच्या गल्लीबोळांत फिरतात ते मोजून पाहा. म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेली येझदी, त्याच सालापर्यंत बनलेली आर.एक्स. १००, या गाड्या तर आता हौशी लोक घरातल्या वडीलधाऱ्यांसारख्या सांभाळतात आणि त्यांच्यासाठी चांगला मिस्त्री शोधत कोसभर जातात. फवारणीचे पंप, छोटे जनरेटर, कडबा कापायची छोटी इंजिने यांनाही कार्बोरेटर असतात. शिवाय इंजेक्शनच्या गाडीतला इंजेक्टरही शेवटी बारीक छिद्रच. तोही याच तत्त्वाने धुतला जातो, फक्त त्यासाठी इंजेक्टरला बाहेरून वीज देऊन उघड-मीट करणारे वेगळे उपकरण लागते. म्हणजे या यंत्रावर हात बसलेल्या पोराची विद्या कार्बोरेटरबरोबर संपणार नाही.

म्हणून माझे उत्तर असे: यंत्र घ्या, पण त्याबरोबर तीन गोष्टी घ्या. शुद्ध पाणी, सौम्य साबण आणि धातू ओळखायची सवय. जमल्यास एक दिवस मुलाला बिदरी कारखान्यात नेऊन बसवा, जस्त काळे कसे पडते ते डोळ्यांनी पाहू द्या. आणि यंत्राच्या वर भिंतीवर ठळक अक्षरांत दोन ओळी रंगवून घ्या. रंगारी दोन्ही भाषा जाणणारा आमच्याकडे गल्लीगल्लीत आहे.

'यात पेट्रोल घालू नये.'

'इदरल्लि पेट्रोल् हाकबारदु.'